खटकणारं नाटक, चित्र, पिक्चर बघायचं कसं: एका दुभाष्याची पद्धत

आमच्या चर्चच्या मंडळीत मी बरीच वर्षं दुभाष्याचं काम करतो. म्हणजे काय तर धारवाड-हुबळीकडनं पाहुणे पाळक आले की ते कन्नडात एक वाक्य बोलणार आणि मी शेजारी उभा राहून तेच मराठीत सांगणार. बेळगाव-खानापूर भागात ह्यात नवीन काही नाही, कॅम्पातल्या मोठ्या चर्चपासून खेड्यातल्या पत्र्याच्या हॉलपर्यंत कुठं ना कुठं हे चालूच असतंय. तर एकदा असं झालं की पाहुण्यांनी एक वाक्य टाकलं आणि मला ते अजिबात पटलं नाही, मग मी काय केलं, ते जरा गुळगुळीत करून सांगितलं. माझ्या मते मंडळीचं भलंच केलं. उपासना सुटल्यावर दारात चपला घालताना एक मावशी, माहेर गोकाक आणि सासर खानापूर, दोन्ही भाषा तोंडात, हळूच म्हणाल्या, "अण्णा, त्यांनी तसं म्हणलं नव्हतं की." कान लाल झाले माझे.

त्या दिवसापासून एक नियम घातला स्वतःला. आधी समोरच्याचं वाक्य जसं आहे तसं पोचवायचं, नंतर माझं काय ते माझ्या तोंडानं बोलायचं, दोन्ही एकात कालवायचं नाही. आणि खटकणारी कला किंवा दुसऱ्याची श्रद्धा समोर आली की नेमकं हेच करायचं असतंय असं माझं मत आहे. तरुण संघात पोरं सारखी विचारतात, हा पिक्चर बघू काय, ते नाटक करू काय, कबीर ऐकला तर चालतंय काय. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा पद्धतच सांगतो.

सुरुवात व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डपासून. "येशूचा अपमान करणारा पिक्चर येतोय, दहा ग्रुपला पाठवा." आमच्याकडं असा एक आला तेव्हा मी ग्रुपवर एवढंच विचारलं, बघितलाय कुणी? कुणीच नाही. ज्यानं पाठवला त्यानंही नाही, त्याच्या मेव्हण्यानंही नाही. तर पहिलं काम हे की स्वतः पूर्ण बघा नाहीतर गप बसा. पूर्ण म्हणजे शेवटपर्यंत, ट्रेलर नाही, कुणीतरी कापून टाकलेली दोन मिनिटांची क्लिप तर नाहीच नाही. आणि बघायचं नसेल तर तेही चालतंय, तेवढा वेळ सगळ्यांकडं नसतो, फक्त मग त्या विषयावर मत पण द्यायचं नाही.

ह्यात मी प्रेषित पौलाला धरून आहे. प्रेषितांची कृत्ये १७ काढा. तो अथेनैत, म्हणजे ग्रीसच्या अथेन्स शहरात, एकटा फिरतोय, शहर मूर्तींनी भरलेलं बघून त्याच्या जिवाचा संताप होतोय, हे सोळाव्या वचनातच लिहिलंय, म्हणजे त्याला खटकलं नव्हतं असं नाही. खरं नंतर अरीयपगात, म्हणजे तिथल्या सभेत, उभा राहिल्यावर तो काय म्हणतो बघा, मी फिरताना तुमच्या पूजेच्या वस्तू नीट निरखून बघितल्या, एका वेदीवर 'अज्ञात देवाला' असं लिहिलेलं वाचलं. राग आला तरी वाचत गेला माणूस. आणि पुढं २८ व्या वचनात त्यांच्याच कवींची ओळ देतो, आपण त्याचाच वंश आहोत अशा अर्थाची. ती ओळ अरातस नावाच्या ग्रीक कवीची, आणि कवितेत ती झ्यूस देवाबद्दल आहे! म्हणजे पौलानं ती कविता वाचलेली होती, निदान ओळ पाठ होती, आणि त्यातलं खरं ते उचलून पुढं पश्चात्ताप आणि पुनरुत्थान ह्यावर बोलायला तो कचरला पण नाही. काही लोक हसले, काही म्हणाले परत कधीतरी ऐकू, काहींनी विश्वास ठेवला. आपल्याला हे ऐकायला आवडत नाही की ऐकणारे हसू पण शकतात.

आता मुख्य पद्धत. हिला मी तीन पानं म्हणतो, वही घ्या नाहीतर मोबाईलवर टाईप करा, काही फरक नाही.

पहिल्या पानावर फक्त हे लिहायचं की ही कलाकृती काय म्हणतीय. तुमचं मत नाही. आणि असं लिहायचं की ज्यानं ती केली त्यानं वाचलं तर म्हणावं, होय, हेच म्हणायचं होतं मला. हे लई अवघड आहे. करून बघा, पाच ओळी लिहिता लिहिता 'बिनडोक', 'मुद्दाम', 'आपल्या धर्माला' असले शब्द घुसतात, ते सगळे खोडा, ते दुसऱ्या पानाचे आहेत. दुसऱ्या पानावर मला कुठं टोचलं ते, आणि नेमकं ठिकाण लिहायचं, कुठला सीन, कुठली ओळ, कुठला रंग. 'एकंदरीत वाईट वाटलं' चालणार नाही. आणि टोचलं ते देवाचा अपमान म्हणून, का माझ्या सवयीला धक्का लागला म्हणून, हे पण स्वतःला विचारायचं, बऱ्याचदा दुसरंच निघतंय. तिसरं पान त्या दिवशी लिहायचंच नाही. रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्यावर माझं उत्तर, ख्रिस्ती माणूस म्हणून, काय पटलं, काय पटलं नाही, का नाही.

आमच्या तरुण संघातली एक पोरगी, कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेत होती. एकांकिका त्यांच्याच वर्गातल्या पोरानं लिहिलेली. हिला रोल मिळाला एका आईचा, तिचं पोर तापानं गेलंय, गावात जत्रा चालू आहे आणि ती भर जत्रेत देवळासमोर उभी राहून देवाला ओरडून बोलतीय, "तू बहिरा हैस, माझ्या पोराचा आवाज तुझ्या ढोलापेक्षा लहान होता काय?" घरात वादळ. वडील म्हणाले ख्रिस्ती पोरीच्या तोंडात असलं बोलणं शोभतंय काय, आणि ते पण देवळासमोर, उद्या दुसऱ्या धर्माचा अपमान केला म्हणून कुणी धावून आलं तर? ही दुसरी भीती काय अगदीच फालतू नव्हती, मान्य. पोरगी रडत माझ्याकडं, अण्णा, रोल सोडू काय?

मी म्हणलं सोडायचं का नाही ते नंतर, आधी पहिलं पान. आणि ते वडिलांना लिहायला लावलं. त्यांच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून आई उभी, समोर चहा गार होतोय, आणि साहेब कॅलेंडरच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहितायत. पहिल्यांदा लिहिलं, 'ही बाई देवाला मानत नाही.' पोरगी म्हणाली नाही पप्पा, मानत नसती तर बोलली कशाला असती, भिंतीशी कोण भांडतंय? खोडलं. दुसऱ्यांदा लिहिलं, 'ही बाई देवावर चिडली आहे.' मग जरा थांबून खाली, 'कारण तिला वाटतंय तो ऐकू शकतो आणि ऐकत नाही.' आणि मग स्वतःच उठून कपाटावरचं पवित्र शास्त्र काढलं. मी सुचवलं पण नव्हतं. स्तोत्र ८८ काढलं. ते अख्खं स्तोत्र असं आहे की माणूस रात्रंदिवस ओरडतोय आणि देव तोंड लपवतोय, आणि बाकीच्या स्तोत्रांसारखं शेवटी 'तरी मी तुझी स्तुती करीन' असं वळण नाही त्याला, अंधारातच संपतंय. तेवढा भाग त्यांनी मोठ्यानं वाचला आणि पुस्तक मिटलं.

नाटक आवडलं काय त्यांना? नाही आवडलं. तिसऱ्या पानावर त्यांनी लिहिलं की शेवट पटला नाही, बाईला एकटी सोडून पडदा पाडलाय, आपल्यात अशा बाईजवळ कुणीतरी जाऊन बसतंय. खरं रोल सोड असं परत म्हणले नाहीत, आणि एकांकिका लिहिणाऱ्या पोराला घरी बोलावून हेच त्याला तोंडावर सांगितलं. त्यानं शेवट बदलला नाही. बदलायला पाहिजेच होता असं पण नाही.

ह्यातनं एक गोष्ट वेगळी काढून सांगतो कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच होतोय. दाखवणं आणि विकणं. पिक्चरमध्ये दारू आहे, बाई मारणं आहे, खून आहे म्हणून पिक्चर वाईट, असं म्हणलं तर मग पवित्र शास्त्रातल्या शास्ते १९ चं काय करणार? त्या अध्यायात एका बाईवर जे होतंय ते शब्बाथ शाळेत कुणी शिकवत नाही, शिकवू पण नये, खरं ते शास्त्रात आहे आणि 'असं करा' म्हणून नाही. त्यामुळं विचारायचं ते हे की पिक्चर कुणाच्या शेजारी बसून बघतोय? मार खाणाऱ्या बाईच्या शेजारी कॅमेरा बसलाय का मारणाऱ्याच्या खांद्यावर बसून मजा घेतोय? त्रास झाल्यावर त्याची किंमत कुणी मोजतंय काय, का गाणं लावून पुढं गेले? ह्या हिशोबानं बघितलं तर कित्येक 'फॅमिली' पिक्चर माझ्या यादीत खाली गेलेत आणि दोन-चार भयंकर वाटणारे वर आलेत. आणि इंटरव्हलला कुणीही निकाल द्यायचा नाही, हा आमच्या ग्रुपचा नियम आहे, सामोसा खायचा आणि गप परत जाऊन बसायचं.

चित्रांचं जरा वेगळं आहे कारण चित्र एका नजरेत 'बघून झालं' असं वाटतंय. त्याला उपाय म्हणजे घड्याळ. मोबाईलवर चित्र काढा, मोठं करा, दहा मिनिटं बोलायचं नाही. आम्ही सुरुवात करताना ग्रूनवाल्ड ह्या जर्मन चित्रकाराचं वधस्तंभाचं चित्र घेतो, १५१२ ते १५१६ च्या दरम्यान इझेनहाइमच्या मठासाठी काढलेलं, आता फ्रान्समध्ये कोलमारच्या संग्रहालयात आहे. पहिल्या मिनिटाला पोरं तोंड वाकडं करतात. येशूचं अंग हिरवट पडलंय, कातडीभर जखमा आणि काटे, हाताची बोटं आकड्यासारखी वर ताणलेली, कुणाच्याच घरातल्या कॅलेंडरवर असला येशू नाही. पाचव्या मिनिटाला कुणीतरी विचारतंय, अंगावर फोड कशाला काढलेत? तेव्हा सांगायचं की त्या मठात दवाखाना होता, बुरशी लागलेल्या राय धान्याची भाकरी खाऊन लोकांना एक रोग व्हायचा, अंगाची आग, हातपाय सडायचे, आणि ते रोगी ह्या चित्रासमोर आणून ठेवायचे. त्यांनी वर बघितलं तर त्यांच्याच कातडीचा येशू. आमच्यात एक नर्सबाई आहेत, त्या दिवशी दहा मिनिटं संपली तरी त्यांनी मोबाईल परत दिला नाही.

मग त्याच्या उलटं, लांबचं नाही आपल्याच बाजूचं. आंजेलो दा फोन्सेका, गोव्याचा, १९०२ चा जन्म, शांतिनिकेतनात शिकला आणि साडी नेसलेली मरिया काढली, अगदी आपल्या गल्लीतली बाई वाटावी अशी. ह्यात वादग्रस्त काय असं आज वाटेल, खरं त्या काळी गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांनाच ते सहन झालं नाही, माणूस पुण्याला एका ख्रिस्ती आश्रमात जाऊन राहिला आणि १९६७ ला वारला. आता त्याची चित्रं गोव्यात पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात आहेत, आपल्याला चोरला घाट उतरला की झालं. आपल्या पोरांना मी मुद्दाम विचारतो, युरोपातली निळ्या डोळ्यांची मरिया चालली आणि नऊवारीतली का नाही चालली, दुसरं पान भरा. चित्रकार एफ. एन. सूझाचं वधस्तंभाचं चित्र मात्र मी नवीन ग्रुपला लगेच दाखवत नाही. तो पण गोव्याचाच, साळगावचा, १९५९ चं ते चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, काळा काटेरी येशू, दात दिसणारा. ते तिसऱ्या-चौथ्या बैठकीला. (आणि जे म्हणतात आधीची मंडळी फार सोवळी होती त्यांच्यासाठी: मायकेलअँजेलोच्या शेवटच्या न्यायाच्या चित्रातल्या उघड्या देहांवर नंतर कापडं रंगवायचं काम ज्या चित्रकाराला मिळालं त्याला लोकांनी 'चड्डीवाला' असंच नाव पाडलं होतं. वाद तेव्हाही होता आणि हसणं पण होतं.)

आता दुसऱ्यांच्या श्रद्धा. इथं पुस्तक आणि यूट्यूबच्या आधी माणूस गाठायचा. ज्याचं आहे त्यालाच विचारायचं, त्याच्या विरोधकाला नाही. 'कायकवे कैलास' हे मी लहानपणापासून भिंतींवर वाचत आलोय आणि मला वाटायचं की काम हीच पूजा, ऑफिसात लावायची पाटी. माझ्याबरोबर काम करणारे एक लिंगायत अण्णा आहेत, त्यांनी एकदा डबा खाताना समजावलं की नुसतं काम नाही, त्याला दासोह जोडलेला आहे, मिळवलेलं वाटून खायचं, आणि काम पण सचोटीचंच पाहिजे. म्हणजे माझं पहिलं पान इतकी वर्षं चुकीचं होतं. विचारताना 'तुमच्यात असं का करतात' असं आरोपीसारखं नको, 'तुम्ही हे म्हणता तेव्हा तुमच्या मनात काय असतंय' असं विचारा, माणूस खुलतोय.

आणि सगळं सारखंच आहे असं म्हणून विषय संपवायचा नाही, तो पण एक प्रकारचा आळसच. कुमार गंधर्वांचा जन्म आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा, १९२४ चा, टीबीनं कित्येक वर्षं गाणं बंद पडलं आणि मग त्या माणसानं कबीराची निर्गुणी भजनं अशी गायली की रात्री एकट्यानं ऐकताना पोटात खड्डा पडतो. हंस एकटाच उडून जाणार, ते मी डोळे मिटून ऐकतो. पहिल्या पानावर लिहितो, देहाचा भरवसा नाही, आणि ज्याला शोधायचं त्याला रूप नाही. अर्ध्याला माझं आमेन. तिसऱ्या पानावर मात्र लिहावं लागतंय की आमच्याकडं शब्द देही झाला, देवाला रूप आलं, हातावर वळ आले, आणि आमच्या मताप्रमाणं हा देहच उठणार आहे, नुसता हंस नाही. हा फरक बारीक नाही. खरं तो मला कबीर ऐकल्यावरच इतका स्पष्ट दिसला, नुसती प्रवचनं ऐकून नाही.

कुणी म्हणेल हे सगळं नवीन खूळ. त्यांना फादर स्टीफन्सचं सांगा. इंग्रज माणूस, १५७९ ला गोव्यात आला, तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं बंद केलेली, तर लोकांचं मागणं होतं की मग आम्हाला त्या जागी काहीतरी द्या. त्यानं ओवी शिकली आणि १६१६ ला ख्रिस्तपुराण छापलं, मराठीत. मराठी दिनाला 'हिरा निळा'ची जी ओवी सगळे स्टेटसला टाकतात ती ह्याच पाद्रीची. आणि टिळक, रेव्हरंड नारायण वामन, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो म्हणायचे आणि शेवटपर्यंत अभंग लिहिले. येत्या रविवारी गीतपुस्तकात त्यांचं नाव किती गाण्यांखाली आहे ते मोजा.

मर्यादा पण आहेत, त्या न सांगता सोडलं तर पद्धत अर्धी राहील. प्रत्येकाला सगळं झेपत नाही. दारू सोडून सहा महिने झालेल्या माणसाला बारमध्ये घडणारा पिक्चर दाखवायला नेऊ नका, कितीही ग्रेट असू दे. ज्या बाईनं घरात मार खाल्लाय तिला तसला सीन 'कलेच्या दृष्टीनं' बघायला लावू नका. पौलाच्या रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय ह्यासाठीच आहे, तुला चालतंय म्हणून भावाला अडखळवू नको. ह्याचा उलटा वापर पण होतो बरं का, कमिटीतला एखादा मुरलेला माणूस 'मला अडखळण होतंय' म्हणून सगळ्यांचं तोंड बंद करतो, त्याला अडखळण होत नसतंय, त्याला फक्त आवडत नसतंय. अर्ध्यातनं उठून जाणं हा कमीपणा नाही, मी स्वतः दोनदा उठलोय, एकदा पॉपकॉर्नचा डबा तसाच टाकून. लहान पोरांसाठी मात्र आधी मोठ्यांनी बघायचं, ह्यात वाद नाही. आणि दुसऱ्या देवाचा प्रसाद खायचा काय असं विचाराल तर पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, ८ आणि १० दोन्ही अध्याय शेजारी ठेवून वाचा, त्यात एका ओळीचं उत्तर सापडणार नाही आणि ते बरंच आहे.

ग्रुप कसा करायचा एवढं सांगून थांबतो. सहा ते आठ लोक, त्याच्यावर गेलात तर भाषण सुरू होतंय. वयानं मिसळ पाहिजे, नुसती पोरं नकोत. निदान एक माणूस असा की जो तुमच्या मंडळीतला नाही, जमलं तर ख्रिस्तीच नाही, आमच्यात टिळकवाडीचे एक रिटायर मास्तर येतात, वारकरी आहेत, आणि पहिलं पान सगळ्यात प्रामाणिक त्यांचंच असतंय. पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवा, मागून कळलं तर उगाच संशय येतो, खरं त्यांना शेवटचा शब्द द्यायचा नाही, तेही वही घेऊन बसतील. चर्चच्या हॉलमध्ये लोक गोळा करून पिक्चर लावायचा असेल तर ज्याचा पिक्चर त्याची परवानगी लागते, घरचं सबस्क्रिप्शन त्याला चालत नाही, त्यामुळं आम्ही सरळ थिएटरला जातो नाहीतर चित्र आणि कविता घेतो. जो कन्नडात बोलेल त्याला कन्नडातच बोलू द्या, कुणीतरी सांगेल मराठीत. आमच्याकडं ते काम अजून माझ्याकडंच आहे, आणि गोकाकच्या त्या मावशी पण येतात, माझ्या बरोबर समोर बसतात.

पुढच्या बैठकीला सूझा आहे. मावशींनी विचारलंय, चित्र मोबाईलवर नको, मोठं प्रिंट काढून आण, चष्मा बदललाय.